पारा आढळला नाही

कारखान्यात म्हणायचे, नळी भरावी तर ताईने. कारखाना म्हणजे चिमणी, भोंगा असलं काही नव्हतं. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या. तिथे रक्तदाब मोजायची पाऱ्याची यंत्रं दुरुस्त व्हायची आणि थर्मामीटर भरले जायचे. आठ बायका, एक लांब टेबल आणि मालक. केसाएवढ्या छिद्राच्या काचनळीत पारा चढवायचा, मध्ये हवेचा बुडबुडा राहू द्यायचा नाही, मग नळीच्या अंगावर बारीक ब्रशने रेघा ओढायच्या. ताई हे काम एकोणीस वर्षं करत होती.

तिची धाकटी बहीण एकोणतीस वर्षांची झाली तरी घरात ‘छोटी’च होती. ती विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएचडी करत होती, आणि योगायोग असा की तिचाही विषय पाराच होता. ताईचा नवरा बस डेपोत मेकॅनिक होता. तो म्हणायचा, “दोघी बहिणी एकाच धातूवर. एक भरते, एक शोधते.”

योगायोग म्हणायचं, पण तसा तो नव्हता. ताई कामाला लागली तेव्हा छोटी दहा वर्षांची होती. पहिल्याच महिन्यात ताईने इंजेक्शनच्या बाटलीतून पाऱ्याचा एक थेंब घरी आणला आणि स्टीलच्या ताटात सोडला. बोट लावलं की तो पळे. एकाचे चार होत, ताट कलतं केलं की पुन्हा एक. छोटीने विचारलं होतं, “धातू आहे तर पातळ का?” ताई म्हणाली होती, “मला काय माहीत? शिक आणि मला सांग.”

छोटी शिकली. तिच्या संशोधनाची गोष्ट समजायला अवघड नाही. डीएनएच्या शिडीला चार प्रकारच्या पायऱ्या असतात, त्यांना बेस म्हणतात. त्यातला थायमिन हा ॲडेनिनशी जोडी जमवतो. दोन थायमिन समोरासमोर आणले तर ते एकमेकांना धरत नाहीत. पण मध्ये पाऱ्याचा आयन आला की दोघंही आपापला एकेक हायड्रोजन सोडतात आणि त्या जागी दोन्ही बाजूंनी पाऱ्याला धरतात. छोटीने डीएनएचा असा एक तुकडा बनवून घेतला होता, ज्यात थायमिनच थायमिन होते. एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा रेणू. पाणी स्वच्छ असलं की तुकडा सरळ राहायचा आणि नळी हिरवी उजळायची. पाण्यात पारा असला की तुकडा मधोमध दुमडायचा, दोन टोकं जवळ यायची आणि दिवा विझायचा. नळाच्या, विहिरीच्या, नदीच्या पाण्यावर तिने हे चारशे वेळा तरी केलं होतं. एकदाही चुकलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी कारखान्याने जागा बदलली. नव्या खोल्यांचं छत बुटकं होतं. धूळ येऊन पारा खराब होतो म्हणून खिडक्या बंद, आणि थेंब उडतात म्हणून पंखाही बंद. पहिलं वर्ष काही जाणवलं नाही. नंतर ताईच्या हातातली कपबशी वाजायला लागली. हिरड्यांतून रक्त यायचं, तोंडाला सतत नाणं चघळल्यासारखी चव असायची. झोप उडाली. आणि स्वभाव तर पार पालटला. जी बाई शेजारणींना हाका मारून बोलावायची, ती दाराची बेल वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसायला लागली. नाहीतर एकदम भडकायची, आणि मग रडायची.

“हिचा पारा हल्ली सारखा चढलेला असतो,” भावजी म्हणाले. सगळे हसले. छोटीही हसली.

गल्लीतल्या डॉक्टरांनी वय, दगदग आणि झोप अशी तीन कारणं सांगून गोळ्या दिल्या. ताईला ते पटलं नाही. एका गुरुवारी ती कामावरून थेट विद्यापीठात आली. छोटीच्या प्रयोगशाळेत ती कधी आली नव्हती. दाराशीच उभी राहिली, आत येईना.

“छोटे, आमच्याकडे अजून दोघींचे हात असेच व्हायला लागलेत. पाऱ्याने होतं का गं असं?”

“होतं. तपासायला हवं.”

“मोठ्या दवाखान्यात विचारलं मी. नमुना बाहेर पाठवतात, तीन आठवडे लागतात. आणि कुठे काम करता त्या फॉर्मवर मालकाची सही लागते. ते सही कशाला करतील? मी आपलं ठरवलंय, सोमवारपासून जायचंच नाही. पण नुसत्या शंकेवर एकोणीस वर्षांचं काम सोडायचं म्हणजे...” तिने दोन्ही हात एकमेकांत अडकवून धरले होते, हलू नयेत म्हणून.

“तीन आठवडे कशाला?” छोटी म्हणाली. “माझ्याकडे दोन तासांचं काम आहे.”

हे म्हणताना तिला जे वाटलं ते तिला पुढे कित्येकदा आठवलं. काळजी होतीच, पण त्याहून जास्त अभिमान होता. इतकी वर्षं शिकून अखेर घरच्या माणसाच्या उपयोगी पडायची वेळ आली होती.

शुक्रवारी ताईने लघवीचा नमुना आणून दिला. छोटीने तो गाळला, पातळ केला, त्यात डीएनएचा तुकडा घातला आणि नळी यंत्रात ठेवली. नळी हिरवीगार उजळली. तिने पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच. दिवा तसूभरही मंदावला नाही. तिचा जीव भांड्यात पडला. या तपासणीची एक साधी पायरी राहिली होती, जी पहिल्या वर्षाच्या मुलांनाही शिकवतात: त्याच नमुन्यात मुद्दाम थोडा पारा घालून दिवा विझतो की नाही ते पाहायचं. पाण्याच्या बाबतीत तिने ते शंभरदा केलं होतं. त्या दिवशी केलं नाही. घाई नव्हती, सामान होतं, वेळ होता. उत्तर हवं होतं तेच आलं होतं, म्हणून ती तिथेच थांबली.

फोनवर ताई रडली. “लिहून देशील? यांना दाखवते. आणि त्या दोघींनाही.”

छोटीने विभागाच्या कागदावर चार ओळी टाइप केल्या. शेवटची ओळ होती: नमुन्यात पारा आढळला नाही. खाली सही केली. तिच्या मार्गदर्शक मॅडमना विचारलं नाही. एवढ्याशा गोष्टीसाठी काय विचारायचं, असं तिला वाटलं.

सोमवारी ताई कामावर गेली.

पुढच्या सात महिन्यांत ती हळूहळू ढासळत गेली. नळ्यांवरच्या रेघा वाकड्या यायला लागल्यावर मालकाने तिला ‘हलकं’ काम दिलं. जुन्या यंत्रांतला मळलेला पारा मागच्या खोलीत चामड्यातून गाळायचा आणि शेगडीवर तापवून शुद्ध करायचा. “त्याला हात स्थिर लागत नाही,” तो म्हणाला. “तुमची जुनी सेवा आहे, घरी बसवणार नाही मी तुम्हाला.” ताईला ते उपकार वाटले.

एकदा ती कारखान्यातून निघाली आणि तीन तासांनी घरी पोचली. रस्ता वीस मिनिटांचा होता. कुठे होतीस म्हटल्यावर तिला सांगता येईना. एकदा तिने भरलेलं ताट भिंतीवर फेकलं, का ते तिलाही कळलं नाही. छोटी तिला नसांच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी ताईला बोट नाकाला लावायला सांगितलं, ते गालावर गेलं. काय काम करता विचारलं. ताईने सांगितलं तसे ते पुढे झुकले.

“पाऱ्याचं काम? मग पाऱ्याची तपासणी झालीय?”

“झालीय,” छोटी म्हणाली. “मीच केली. नाहीये पारा.”

डॉक्टर मागे टेकले आणि त्यांनी कागदावर दुसरंच काहीतरी लिहिलं. मेंदूचे फोटो काढले. महागड्या गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी फरक पडला नाही.

डिसेंबरच्या एका सकाळी मॅडम छोटीच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण वाचत होत्या. साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या बाई. लाल पेन चष्म्याच्या काडीत खोचलेलं.

“पाण्यात उत्तम चालतं हे. परीक्षक विचारतील, रक्तात, लघवीत चालेल का? एक परिच्छेद घाल.”

“मी केलंय मॅडम, एकदा लघवीत. पारा नव्हता त्यात.”

“मुद्दाम घालून पाहिलास?”

छोटीने नकारार्थी मान हलवली.

“अगं, तिथे गंधक असतं ना,” मॅडम सहज म्हणाल्या, पान उलटत. “गंधकवाले किती रेणू असतात शरीरात. पारा एकदा गंधकाच्या हाती लागला की थायमिनकडे ढुंकून बघत नाही. तुझा तुकडा फक्त मोकळा पारा ओळखतो. शरीरात मोकळा कुठे सापडायचा तो?” मग त्यांनी वर पाहिलं. “काय झालं? बस. पांढरी का पडलीस?”

छोटी बसली नाही. ती फ्रीझरकडे गेली. ताईचा उरलेला नमुना तिथेच होता, तिच्याच अक्षरातल्या चिठ्ठीसकट. तो वितळेपर्यंत ती हातात बाटली धरून उभी राहिली. थोडा वेगळा काढून तिने त्यात पाऱ्याचं द्रावण घातलं. इतकं, की नळाच्या पाण्यात नळी काळीठिक्कर पडली असती. नळी हिरवी. दुप्पट घातलं. हिरवी. दहापट घातलं. यंत्राच्या काचेमागे तो प्रकाश आरामात उजळत होता, जणू काही झालंच नव्हतं.

म्हणजे त्या शुक्रवारी तिने काहीच तपासलं नव्हतं. नमुना पाऱ्याने ठासून भरलेला असता तरी दिवा विझला नसता.

तिने बाटलीतला आणखी थोडा नमुना घेतला, ज्यात वरून काही घातलेलं नव्हतं. ॲसिड आणि परमँगनेट घालून तो दोन तास गरम पाण्यात तापत ठेवला, म्हणजे गंधकाचे रेणू जळून जातात आणि त्यांनी धरलेलं सगळं सुटतं. शेजारच्या नळीत तिने स्वतःचा नमुना तसाच तापत ठेवला. या वेळी तिने एकही पायरी गाळली नाही. ते दोन तास ती खुर्चीवर बसून होती. मनातल्या मनात ती म्हणत होती, विझू नकोस. शास्त्राच्या माणसाने असलं काही म्हणायचं नसतं. तरी म्हणत राहिली.

तिच्या स्वतःच्या नमुन्याची नळी उजळली. ताईची नळी विझली. तो नमुना शंभरपट पातळ केला तरी विझली. आकडा काढला तेव्हा तो सुरक्षित मर्यादेच्या आठपट आला. आणि तोही सात महिन्यांपूर्वीचा, मागच्या खोलीतल्या शेगडीच्या आधीचा.

मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या होत्या. “कोणाचा आहे नमुना?” त्यांनी विचारलं.

“ताईचा,” छोटी म्हणाली, आणि पांढरा कोट अंगात तसाच ठेवून धावत सुटली.

कारखान्यात दुपारची सुट्टी नुकतीच संपली होती. ती आत शिरली तशी तिला पहिली गोष्ट दिसली ती स्विचबोर्डाच्या वरच्या भिंतीवर. प्लॅस्टिकमध्ये घातलेला कागद. विभागाचं नाव, चार ओळी, तिची सही. पारा आढळला नाही.

“या या,” मालक उठून उभा राहिला. “तुमच्यामुळे फार मदत झाली हो. ह्या बायका उगाच घाबरल्या होत्या. दोघी तर सोडून निघाल्या होत्या. कागद वाचून दाखवला, गप बसल्या.”

छोटीने हात वर करून कागद ओढून काढला. “हे चूक आहे. माझी चूक झाली. पारा आहे. सगळ्यांनी बाहेर चला, आत्ता.”

टेबलाभोवतीच्या बायका तिच्याकडे पाहत राहिल्या. कोणी उठलं नाही.

“तुमच्याच सहीचा आहे ना?” मालकाचा आवाज अजून नरमच होता. “आज एक म्हणता, उद्या एक. मी कशावर विश्वास ठेवायचा? आणि फाडा खुशाल. झेरॉक्स आहेत माझ्याकडे.”

टेबलाच्या टोकाला बसलेल्या सर्वांत वयस्कर बाईने, जिला सगळ्या मावशी म्हणत, हातातली नळी खाली ठेवली. ती ठेवताना काच टेबलावर तीनदा वाजली. “पोरी,” ती म्हणाली, “मी निघालेच होते गं. तुझ्या कागदावर थांबले.”

छोटीने कागद मुठीत चुरगळला. ती मागच्या खोलीत गेली. तिथे दार लावून ताई शेगडीपाशी स्टुलावर बसली होती. भांड्यातला पारा तापत होता, न दिसणारी वाफ सुटत होती आणि खोलीला कसलाच वास नव्हता. तेच सगळ्यात भयंकर होतं. वास असता तर ती केव्हाच पळाली असती.

“ताई, चल.”

“का?”

“मी सांगितलं ते खोटं होतं. म्हणजे, चुकीचं होतं. तुझ्या अंगात पारा आहे. तेव्हाही होता.”

ताईला ते समजायला वेळ लागला. हल्ली तिला सगळंच समजायला वेळ लागायचा. तिने शेगडी बंद करायला हात पुढे केला, तो बटणाच्या बाजूला गेला, पुन्हा केला. मग ती म्हणाली, “पण तूच म्हणालीस.”

“हो.”

“मी सोमवारपासून येणार नव्हते.”

“हो ताई.”

ताई ओरडली असती, मारलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती उठली आणि छोटीला टाळून, भिंतीला धरत धरत बाहेर गेली.

मोठ्या दवाखान्यात सहा आठवडे लागले. जे औषध दिलं त्याच्या रेणूला गंधकाचे दोन हात असतात. ते अंगातला पारा पकडतात आणि लघवीवाटे बाहेर नेतात. छोटी रोज बाहेरच्या बाकावर बसायची. ताईने तिला आत येऊ द्यायचं नाही असं नर्सला सांगून ठेवलं होतं. भावजी येता-जाता तिच्यासमोर थांबायचे, काहीतरी बोलायला तोंड उघडायचे आणि तसेच पुढे जायचे. एकदाच म्हणाले, “मी तो विनोद करायचो ना... पारा चढल्याचा.” आणि तिथेच बाकावर बसून त्या आडदांड माणसाने तोंड हातात लपवलं.

त्या दिवसांत छोटीने एक गोष्ट केली. कामगार खात्याकडे तिने तक्रार लिहिली, आणि तिला जोडलेल्या कागदांत पहिला कागद स्वतःच्या सहीचा लावला. कशी तपासणी केली, कोणती पायरी गाळली, सगळं लिहिलं. मॅडमनी मसुदा वाचला.

“हे पाठवलंस तर विभाग चौकशी लावेल. परवानगीशिवाय विभागाचा कागद वापरलास. मी तुला वाचवू शकणार नाही.”

“पाठवते मॅडम.”

“पाठवच,” मॅडम म्हणाल्या. “पण मोठं काही करतेयस असं समजू नकोस. हे सात महिन्यांपूर्वी पाऱ्याच्या एका थेंबात झालं असतं.”

चौकशी झाली. छोटीचं संशोधन एका वर्षासाठी थांबवलं. निरीक्षक कारखान्यात आले, हवा मोजली आणि तिथेच दाराला सील ठोकलं. आठही बायकांची तपासणी झाली. पाच जणींच्या अंगात पारा मर्यादेच्या वर निघाला. मावशींची मूत्रपिंडं बिघडलेली होती, त्यांना आयुष्यभर औषधं चालू राहणार होती. तपासणीच्या रांगेत एका तरुण बाईने छोटीला सगळ्यांदेखत विचारलं, “आधी आत बसवलंस, आता रस्त्यावर आणलंस. आमचं काय वाकडं केलं होतं तुझं?” छोटी मान खाली घालून उभी राहिली. तिथून निघून जाणं सोपं होतं, पण रांग संपेपर्यंत ती गेली नाही.

ताईची झोप परत आली. हिरड्या बऱ्या झाल्या. रस्ते आठवायला लागले. हाताचा कंप निम्म्याने कमी झाला आणि तिथेच थांबला. डॉक्टर म्हणाले, कदाचित आणखी कमी होईल, कदाचित नाही. नळ्या भरण्याचं किंवा कुठलंच बारीक काम तिला पुन्हा जमणार नव्हतं.

चार महिने ती छोटीशी एक शब्द बोलली नाही. मग एका रविवारी भावजींचा फोन आला, ताईने बोलावलंय.

ताई खिडकीपाशी बसली होती. केस एकदम पांढरे झाले होते. तिने छोटीला बस म्हटलं नाही.

“मला नीट समजावून सांग. त्या दिवशी काय झालं ते. सोपं करून सांगू नकोस.”

छोटीने सांगितलं. थायमिन, दोघांमधला पारा, दिवा, गंधक. तासभर लागला असेल.

“म्हणजे तो होता,” ताई म्हणाली, “पण आधीच दुसऱ्या कोणी धरून ठेवला होता.”

“हो.”

“आणि तू फक्त मोकळा आहे का तेवढंच विचारलंस.”

“हो.”

“हे तुला माहीत नव्हतं?”

छोटीला इथे खोटं बोलता आलं असतं. “माहीत होतं,” ती म्हणाली. “पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. तुझा नमुना समोर असताना आठवलं नाही. मला ते नको होतं ताई, म्हणून आठवलं नाही.”

ताईने तोंड खिडकीकडे फिरवलं. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, ती नीट लागेपर्यंत बघत राहिली.

“मी तुला माफ केलंय असं समजू नकोस.”

“नाही.”

“करीन की नाही तेही माहीत नाही मला.”

“बरं.”

“उद्या दवाखान्यात दाखवायचंय. यांची सकाळची पाळी आहे. मला एकटीला अजून रस्ता ओलांडायला भीती वाटते.” हे सांगताना तिचा चेहरा रागाने लाल झाला. “नऊ वाजता. उशीर केलास तर थांबणार नाही मी.”

छोटी पावणेनऊलाच दाराशी पोचली. बेल वाजवणार तोच आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला, मग ताईचा स्वतःशीच करवादलेला आवाज, “पडू दे, उचलते मी!” छोटीने हात मागे घेतला आणि ती जिन्याच्या वरच्या पायरीवर बसून राहिली.